धाकटीसाठी एक्केचाळीस मिनिटं

ग्वेल्फ, २२ ऑक्टोबर २०२३

स्वाती,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलं असशील, तर तुझे आभार. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, ईमेलला उत्तर नाही, तेव्हा राहता राहिलं पोस्ट. पत्र फार तर रिसायकलिंगच्या डब्यात जाईल, एवढंच ना.

मी बरी आहे. एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीतून रिटायर झाले. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं बाकी आहे, त्यामुळे गाडी चालवणं बंद. कुठं जायचं असलं की गर्शोम नेतो. तो आमच्या लायब्ररीत होता, मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल ज्यू. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि दुप्पट बडबड्या. दर रविवारी येतो, चहा पितो आणि माझ्या कुंड्यांतली झाडं कशी मरायला टेकलीत ते सांगून जातो.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. तेच पुस्तक, ज्याच्यापायी तुम्ही सगळे मला वेड्यात काढायचात. फिलिपिन्सच्या दक्षिणेला पानुवाय नावाचं बेट, त्यावरची पानुवाय भाषा, बोलणारी माणसं जेमतेम दोन हजार. शिवाय त्यांचे शेजारी, किनाऱ्यावरचे आणि डोंगरातले. माझी तीस वर्षं त्या दोन हजार माणसांत गेली. आपल्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीतसुद्धा याहून जास्त लोक राहत असतील, असं अण्णा म्हणायचे. बरोबरच होतं त्यांचं.

आता काम सांगते. तुझं एखादं जुनं, वापरातलं कापड मला पाठव. ओढणी, स्कार्फ, स्वेटर, काहीही चालेल. धुऊन पाठवू नकोस, आहे तसंच दे. महाराष्ट्रातून कॅनडात आलेल्या बायकांच्या कपड्यांचं एक छोटं प्रदर्शन आम्ही मांडतोय, त्यासाठी हवंय. नोव्हेंबरच्या आत मिळालं तर बरं.

जानेवारीत आईला बारा वर्षं होतील. तू पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवणारच असशील. मला बोलाव असं म्हणत नाही. पण तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगते, त्या आठवड्यात बेटावरून होडी नव्हती गं.

तुझी,
इंदूताई

•

ग्वेल्फ, १२ नोव्हेंबर २०२३

स्वाती,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, आणि तेही काय, तर 'ताई, न धुतलेलं कापड प्रदर्शनात कोण मांडतं? खरं काय ते सांग, नाहीतर पत्रं बंद. मर्सी.' तुमच्या लव्हालचं ते फ्रेंच मर्सी वाचून हसू आलं. लहानपणीही तू मला अशीच पकडायचीस. साखर मी खायची आणि मुंग्या तुला दिसायच्या.

बरं, प्रदर्शन नाही.

टोरांटोच्या वर वॉन आहे, गोदामं नि ट्रक. तिथे एका बेसमेंटमध्ये आपो मिलाग राहते. आपो म्हणजे त्यांच्यात आजी. सत्त्याऐंशी वर्षांची आहे. नात जेसी तिला सांभाळते आणि वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करते. दोघी २०१० मध्ये बेटावरून इकडे आल्या. माझ्या पुस्तकातली निम्मी भाषा आपोच्या तोंडची आहे. माणूस गेल्यावर पानुवाय लोकांत जो विलाप गातात, तो येणारी तर मला तीच एक सापडली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिसला ती नाही म्हणते. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितलेत.

तो विलाप सगळ्यांसाठी नसतो. म्हातारी माणसं गेली तर ते रीतीचं जाणं, त्याला गाणं नाही. मोठ्यांच्या आधी धाकटं गेलं तरच गातात. आणि गाणारी बाई त्या दिवसापासून स्वतःची सगळ्यात आवडती खाण्याची वस्तू सोडते. मग गेलेल्याच्या घरच्यांनी यायचं. त्याच्या अंगावरचं, त्याचा वास असलेलं कापड तिच्या खांद्यावर घालायचं आणि तिनं सोडलेली वस्तू तिच्याबरोबर एका ताटात खायची. मग ती सुटते. कुणी आलंच नाही तर ती उपाशी मरते आणि पलीकडे गेल्यावरही गातच राहते, असं ते मानतात. कापड दिल्यावर घरच्यांनी गेलेल्याला नावानं हाक मारायची नसते. मारली तर त्याला माघारी वळावं लागतं.

हे मला कधी कळलं माहीत आहे? या सप्टेंबरमध्ये. बऱ्याच दिवसांनी, खरं तर बऱ्याच वर्षांनी, आपोला भेटायला गेले होते. जेसीनं बांगुस तळला होता, त्यांच्याकडचा काटेरी मासा. मला वाढला, स्वतः घेतला, आपोच्या ताटात नुसता भात आणि उकडलेला भोपळा. मी विचारलं, किडनीमुळे बंद केला का? जेसी म्हणाली, "नो नो, लाँग बिफोर दॅट. सिन्स युअर सिस्टर." माझ्या हातातला घास ताटात पडला.

आपोचा असा समज झालाय की तू वारलीस. अकरा वर्षांपूर्वी ती तुझ्यासाठी गायली, आणि तेव्हापासून तिनं मासा तोंडात घातलेला नाही. जिचा जन्म होडीत झाला अशी बाई आहे ती. ती तुझ्या-माझ्या घरच्यांची वाट बघतेय, म्हणून कापड हवंय.

तुझी,
इंदूताई

•

ग्वेल्फ, ६ डिसेंबर २०२३

स्वाती,

सप्रेम जयभीम.

'समज झाला, की तू करून दिलास?' या वेळी मर्सीसुद्धा नाही.

करून दिला. मी तिला सांगितलं की माझी धाकटी बहीण वारली.

हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. आता लिहिलंच आहे तर सगळं सांगते. पुस्तकाचं सातवं प्रकरण त्या विलापावर होतं आणि माझ्याकडे विलापच नव्हता. दोन वर्षं मी आपोच्या मागे लागले होते, नमुना म्हणून पाच मिनिटं गा. शब्दयादीतला एकेक शब्द ती माझ्या रेकॉर्डरसमोर तीन-तीनदा म्हणायची, कधी कंटाळली नाही. पण गाण्याचा विषय काढला की उठून वॉशरूमला जायची. म्हणायची, "आधी माणूस दे, मग गाते."

आई गेली त्या वर्षी लव्हालच्या दारात तू मला म्हणालीस, 'आई तर गेलीच, मी पण तुला मेले असं समज आणि जा.' ते वाक्य दहा महिने माझ्या डोक्यात घोळत होतं. नोव्हेंबरात प्रकाशकाची मुदत संपत आली आणि मी वॉनला गेले. बेसमेंटचा जिना उतरेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते काही खरं नाही. रेकॉर्डरमध्ये मी घरूनच नव्या बॅटऱ्या घालून नेल्या होत्या.

आपोनं माझे दोन्ही हात धरले. रेकॉर्डरकडे तिनं बघितलंही नाही. गाण्याआधी गाणारीनं घरच्या माणसाला चार गोष्टी विचारायच्या असतात. गेलेलीला काय आवडायचं? तिनं तुला काय दिलं? तू तिच्याकडून काय घेतलंस? शेवटचं बोलणं काय झालं? मी सगळ्याची खरी उत्तरं दिली. तुझं नाव खरं सांगितलं. कैरीचा तक्कू सांगितला. माझ्या बारावीच्या वर्षी भुसावळच्या त्या उन्हाळ्यात तू रोज दुपारी वहीच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालत बसायचीस ते सांगितलं. आठ वर्षांची होतीस. हात दुखला की हात बदलायचीस, उठायची नाहीस. तू मेलीस, एवढंच त्यात खोटं होतं.

मग ती एक्केचाळीस मिनिटं गायली. आणि मी रडले, स्वाती. आईला रडले नव्हते तेवढी तुला रडले. रेकॉर्डिंगमध्ये माझं रडणं ऐकू येतं. पुस्तकात मी त्याला 'नातेवाइकाचा प्रतिसाद' असं नाव दिलंय.

त्या प्रकरणाला बक्षीस मिळालं. ते सांगण्यात आता काही अर्थ नाही.

खोटं बोलले हा गुन्हा झाला, पण चूक आणखी वेगळी आहे. किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांतही अशीच गाणी आहेत. तिथल्या गाणारणी सुगीला चढाओढ लावून गातात आणि गाणं संपलं की हात धुऊन जेवायला बसतात. त्यांच्यात मी सहा महिने राहिले होते, कारण तिथे वीज होती, पंखा होता. पानुवायचंही तसंच असणार असं मी धरून चालले, विचारलं नाही. एका गावचं पाहून दुसऱ्या गावाबद्दल लिहू नका, असं विद्यार्थ्यांना तीस वर्षं बजावत आले आणि स्वतः तेच केलं. आपोनंही कधी विषय काढला नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना कापडाची आठवण करून देणं त्यांच्यात फार हलकं समजतात. आणि पुस्तक झाल्यावर मी तिकडे फिरकलेच नाही. ती वाट बघत राहिली.

आज सहा डिसेंबर. असोसिएशनच्या कार्यक्रमाला गेले होते. मेणबत्ती लावून मागे वळले तर प्रीती भेटली, नागपूरची, तुझ्या ओळखीची. म्हणाली, "ताई, स्वाती काय म्हणतेय? बऱ्याच दिवसांत कॉल नाही केला तिला." मी म्हटलं, "मजेत आहे." गर्शोम शेजारीच उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "इंदू, एकीला सांगतेस मेली, दुसरीला सांगतेस मजेत. बाई, तुला तरी ठाऊक आहे का ती कशी आहे ते?" त्यानंतर ग्वेल्फपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते तू त्याला ओळखत असतीस तर तुला कळलं असतं.

कापड दे. माझ्यासाठी नको देऊस.

इंदूताई

•

ग्वेल्फ, ९ जानेवारी २०२४

स्वाती,

जयभीम.

महिना झाला, तुझं काहीच नाही. तुझा हक्क आहे. पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती, ती आता सांगते, म्हणजे माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरणार नाही.

मी आपोला फसवायचा आणखी एक प्रयत्न केला. नोव्हेंबरच्या शेवटी माझीच एक जुनी हिरवी ओढणी पिशवीत घालून वॉनला नेली. तुझी म्हणून. तिनं ती नाकाशी धरली, खूप वेळ धरली, आणि घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ही तुझी आहे. तुझ्या बामाचा वास येतो." रागावली नाही. तिला वाटलं दुःखानं माझं डोकं चालेनासं झालंय. माझ्या केसांवरून हात फिरवला. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

आणि दुसरी गोष्ट. होडी होती.

तुझा निरोप शाळेतल्या मास्तरांच्या फोनवर आला, तेव्हा धक्क्याला होडी लागलेली होती आणि ती दोन दिवस लागलेली होती. पण बेटावर सात वर्षांनी येणारा हाडं धुण्याचा विधी सुरू होता. पुरलेल्या माणसांची हाडं वर काढून नारळाच्या पाण्यानं धुतात, पुसतात, त्यांच्याशी बोलतात. मी म्हटलं, आई चार दिवस काढेल, सात वर्षांनी माझ्यात ताकद असेल नसेल. दुसऱ्यांच्या आयांची हाडं कशी धुतात ते मी वहीत लिहून घेत बसले आणि आपल्या आईला तू एकटीनं आंघोळ घातलीस. माझा फोन येईल म्हणून तू तिच्या कानाला फोन लावून बसली होतीस हे मला नंतर राजरत्नकडून कळलं. तुझा नवरा मुद्दाम लागेल असं कधी बोलला नाही. पण ते मला लागलं.

आता आपोबद्दल. ती हॉस्पिटलमध्ये आहे. घरीच मरायचं असा तिनं हट्ट धरलाय, म्हणून सोळा तारखेला जेसी तिला बेसमेंटमध्ये आणणार आहे. शनिवारी, वीस तारखेला, गर्शोम मला तिकडे नेईल. मी आपोला सगळं सांगणार आहे. तू जिवंत आहेस, लव्हालला फार्मसीत काम करतेस, आणि मी तिच्या तोंडचा मासा अकरा वर्षं एका खोट्यापायी काढून घेतला. गर्शोम म्हणतो, "मरणाऱ्या बाईच्या उरावर हे टाकून तू मोकळी होणार, आणि ती?" पण ती उपाशी जाणार, आणि गाता गाता जाणार असं मानून जाणार, हे मी बघू शकत नाही. तिच्या भीतीपेक्षा तिचा संताप बरा.

तू आलीस तर मात्र वेगळं होईल. तिनं तुला बघितलं तर तिला रागावण्याआधी आनंद होईल असं मला वाटतं. पत्ता खाली लिहिलाय. लव्हालहून पाचसहा तास लागतात, किंग्स्टनच्या पुढे बर्फ असतो, विंटर टायर लावून निघ.

तिच्या गाण्यातल्या चार ओळी तुझ्यासाठी मराठीत केल्यात. इतकी वर्षं इंग्रजीतच पडून होत्या.

वारा घालणारे हात कुणाचे गं,
पान उडालं की दाबून धरणारे हात कुणाचे गं.
मोठी शिकली, मोठी पाण्यापार गेली,
वारा मात्र घरीच राहिला.

ये, स्वाती.

इंदूताई

•

ग्वेल्फ, २८ जानेवारी २०२४

नाव लिहीत नाही. का, ते तुला माहीत आहे.

शनिवारी आम्ही वॉनला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. जेसी बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होती. मला बघून तिनं फावडं टाकलं आणि धावत आली. म्हणाली, "ओ माय गॉड, युअर कझिन इज सो नाइस!" मला वाटलं आणखी कुणाबद्दल बोलतेय. माझी कसली कझिन?

मग तिनं सांगितलं. गुरुवारी दुपारी लव्हालहून एक बाई आली, एकटी, गाडी चालवत. मी गेलेलीच्या घरची, म्हणाली. जेसीनं नाव विचारलं तर, "फॅमिली," एवढंच. येताना तिनं कुठल्यातरी फिलिपिनो ग्रोसरीतून बांगुस आणला होता, साफ करून, बर्फात ठेवून. कोट काढायच्या आधी तिनं पिशवीतून पांढरी ओढणी काढली.

आईच्या अंत्यविधीला घातलेली, मी नंतर लव्हालच्या दारात आले तेव्हाही तुझ्या खांद्यावर होती, तीच ना? जेसीनं वर्णन केलं त्यावरून मी ओळखली, काठाला जळाल्याचा ठिपका आहे, मेणबत्तीचा. बारा वर्षं तू ती ठेवलीस.

आपोनं ओढणी नाकाशी धरली. जेसी सांगते, खूप वेळ धरली. मग मान हलवली आणि तू ती तिच्या खांद्यावर घातलीस. जेसीनं मासा तळला. एका ताटात तुम्ही दोघी जेवलात. तू काटे काढून दिलेस. आपोनं तीन तुकडे खाल्ले आणि चौथा मागितला. जेसी हे सांगताना एकदम रडायलाच लागली, गर्शोमनं आपला रुमाल तिला दिला.

जेवण झाल्यावर तू जेसीला विचारलंस की ते रेकॉर्डिंग आहे का. तिच्या फोनवर होतं. तू बेसमेंटच्या जिन्यावर बसून सगळं ऐकलंस, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मिनिटं. मधे एका जागी थांबवून म्हणालीस, हे रडतंय कोण? जेसी म्हणाली, दॅट्स द सिस्टर. तेवढा भाग तू पुन्हा ऐकलास.

निघताना आपोनं तुझा हात धरून एक विचारलं. गेलेलीच्या घरच्यांना गाणारी हे शेवटी विचारतेच, तसा रिवाज आहे, पुस्तकात तो नाही कारण मला माहीत नव्हता. कशी होती ती? जेसीनं तुला इंग्रजीत सांगितलं. तू म्हणालीस, "शी वॉज हर सिस्टर्स फेव्हरिट." आणि गेलीस. मी शनिवारी येणार आहे हे तुला माहीत होतं. गुरुवार तू पत्र वाचूनच निवडलास.

मी आत गेले. आपो उशांना टेकून पडली होती, खांद्यावर ती ओढणी. माझं सगळं पाठ होतं, पानुवायमध्ये कसं सांगायचं त्याची वाक्यं मी वहीवर लिहून काढली होती. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाली, "तुझी माणसं आली होती. उशिरा आली, पण आली." इतकी शांत होती ती. अकरा वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती, म्हणजे मी बघायलाच गेले नव्हते. वही पर्समध्येच राहिली. तू माझं तोंड कायमचं बंद करून गेली होतीस, आणि तिच्यासाठी तेच बरं होतं.

सोमवारी पहाटे आपो गेली. म्हातारी माणसं गेली तर गाणं नसतं, म्हणून कुणी गायलं नाही. ओढणी तिच्याबरोबर दिली. मी प्रकाशकाला लिहिलंय की सातवं प्रकरण काढून टाका. का काढायचं ते एका पानात खरं लिहून पाठवलंय. रेकॉर्डिंग जेसीचं आहे, तिच्याकडेच राहील.

मी खूप विचार केला. तू आलीस, सहा तास बर्फातून आलीस, एका परक्या म्हातारीला सोडवलंस. माझ्यावर राग असता तर आली नसतीस, असं आधी वाटलं. तू जिवंत आहेस हे तिला दिसावं म्हणून मी तुला ये म्हटलं होतं. तू तिथे उभी राहून स्वतःलाच 'होती' म्हणालीस. तू बारा वर्षांपूर्वी जे बोललीस ते मी एकदा खोटं करून वापरलं, आणि तू येऊन ते खरं करून गेलीस. तुझ्यावर रागावता येत नाही. मला फक्त तू हवी आहेस, आणि हाक मारायची सोय तू ठेवली नाहीस.

हे पत्र त्याच पत्त्यावर टाकतेय. उत्तर येणार नाही, ते कळतं मला.

बुधवारी सगळं उरकल्यावर मी आणि जेसी फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये गर्शोमची वाट बघत उभ्या होतो. मला रडू आवरेना. जेसीला वाटलं आपोसाठी, मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "इट्स युअर सिस्टर, इजन्ट इट? इलेव्हन यर्स, अँड इट स्टिल हर्ट्स."

मी मराठीतच म्हटलं, नाही गं. गुरुवारीच गेली.